भूगोलाचा अभ्यासक्रम उजनीपासून सुरू करावा

सोलापुरात उन्हाळा लागला की भीमा नदीवरच्या उजनी धरणाबद्दल 'उजनी मायनसमध्ये गेली' हे वाक्य घराघरात ऐकू येतं. आठवीच्या भूगोलाची सुरुवात याच वाक्यापासून करावी, असं मनापासून वाटतं. कारण धरणात पाणी उणे कसं असेल?

मुलांना आकडे द्या. एकूण साठा साधारण 117 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), त्यात मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी, सुमारे 63 आणि उपयुक्त साठा सुमारे 54. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात; तो संपून मृतसाठ्यातलं पाणी जाऊ लागलं की आकडा उणे होतो. म्हणजे उणे 40 टक्के असताना 63 मधून जवळपास 21 टीएमसी गेलेलं असतं, तरी 42 शिल्लक असतं. हे गणित मुलांनी स्वतःच फळ्यावर सोडवावं.

मग पर्जन्यमापक. सरळ कडांची बाटली घ्या, वरचा भाग कापून उलटा बसवा. तळ खोलगट असतो, म्हणून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची खूण करा. इथेच बहुतेक वेळा चुकतं: नरसाळ्याचं तोंड बाटलीच्या दुप्पट रुंद असेल, तर पाऊस चौपट दिसतो. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला नोंद घ्या. रविवारीसुद्धा!

शेवटी भीमेचा नकाशा. आपल्याकडे आभाळ कोरडं असताना पंढरपुरात पूर येतो, कारण पाऊस तिकडे सह्याद्रीच्या घाटात पडलेला असतो. पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआड असलेला कमी पावसाचा भाग, हा शब्द त्यानंतर सांगावा, आधी नको.