आमची वाटचाल : बिल्डरच्या सँपल फ्लॅटपासून कर्टिसच्या असेंडरपर्यंत

आमचा धंदा सुरू झाला तो पुण्यातल्या बिल्डरांना थ्रीडी वॉकथ्रू करून देण्यापासून. इमारतीचा पाया खणायच्या आधी आम्ही फ्लॅट संगणकावर उभा करायचो, सोफा-पडदे आणि बाल्कनीतल्या तुळशीसकट. काम चांगलं होतं, पण पैसे पझेशनसारखेच कायम 'पुढच्या महिन्यात' मिळायचे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर हात बसलेला होता आणि मला व माझ्या भागीदाराला विमानांचं वेड कॉलेजपासूनच. मग फ्लाइट सिम्युलेटरसाठी, म्हणजे संगणकावर विमान उडवायच्या खेळासाठी, विमानं करून विकायची ठरवलं. "खेळातलं विमान पैसे देऊन कोण घेतं?" हा आईचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

स्पिटफायर आणि मस्टँग ही गाजलेली लढाऊ विमानं मोठ्या कंपन्यांनी इतकं घासूनपुसून केलंय की तिथे आमच्यासारख्यांना वाव नव्हता. म्हणून आम्ही दुसऱ्या महायुद्धातल्या, प्रयोगापुरत्याच राहिलेल्या लढाऊ विमानांकडे वळलो. आमची ओळख झाली ती त्यातल्या कर्टिस-राइट एक्सपी-५५ 'असेंडर'मुळे.

हे विमान पहिल्यांदा बघणाऱ्याला ते उलटं जोडल्यासारखं वाटतं. इंजिन आणि प्रोपेलर मागे, एलिव्हेटर (विमानाचं नाक वर-खाली करणारी फळी) शेपटीऐवजी नाकावर, पंख मागे झुकलेले आणि नेहमीची शेपटी नाहीच. अमेरिकी लष्कराच्या आर-४०सी या मागणीतून व्हल्टीचं एक्सपी-५४, कर्टिसचं हे आणि नॉर्थ्रॉपचं एक्सपी-५६ अशी तीन तऱ्हेवाईक विमानं निघाली. विंड टनेलच्या, म्हणजे बोगद्यात वारा सोडून घेतलेल्या चाचणीच्या, आकड्यांवर लष्कराचं समाधान होईना, तेव्हा कर्टिसने स्वतःच्या पैशाने सीडब्ल्यू-२४बी हे हलकं चाचणी-विमान बांधलं आणि डिसेंबर १९४१मध्ये कॅलिफोर्नियातल्या म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावरून उडवलं. जुलै १९४२मध्ये तीन विमानांचं कंत्राट मिळालं. ज्या इंजिनावर मूळ आराखडा बेतला होता ते रद्द झालं, म्हणून अ‍ॅलिसन व्ही-१७१० बसवलं आणि १९ जुलै १९४३ रोजी पहिलं एक्सपी-५५ उडालं.

बाहेरचा सांगाडा करणं आम्हाला फारसं जड गेलं नाही. खरा घाम काढला तो स्टॉलने, म्हणजे नाक फार वर गेल्यावर पंखाची उचल अचानक तुटते त्याने. नाकावर छोटा पंख असला की विमान स्टॉलला सुरक्षित, अशी सिम्युलेटरवाल्यांची पक्की समजूत असते. हा पुढचा पंख आधी हात टेकतो, नाक आपोआप खाली येतं, मुख्य पंख वाचतो. असेंडरचा नाकावरचा पृष्ठभाग मात्र हवेत मोकळा झुलणारा एलिव्हेटर होता, वजन पेलायला नव्हताच. त्यामुळे ती सोय नाही. १५ नोव्हेंबर १९४३ रोजी चाचणी वैमानिक हार्वे ग्रे स्टॉल तपासत असताना विमान पाठीवर उलटलं, इंजिन बंद पडलं आणि ते तसंच उताणं सुमारे १६,००० फूट कोसळलं. ग्रे पॅराशूटने वाचले. एक्स-प्लेन हा सिम्युलेटर पंखाच्या लहान लहान तुकड्यांवर हवेचा जोर मोजतं, म्हणून तिथे हे वागणं बऱ्यापैकी उतरवता येतं.

आम्ही ते उतरवलं आणि तक्रारींचा पाऊस पडला. "विमान काही इशारा न देता पडतं, मॉडेल सदोष आहे, पैसे परत करा." एका विक्रेत्याने तर स्टॉल जरा मवाळ करा, खप वाढेल, असा प्रेमळ सल्ला दिला. आम्ही ऐकलं नाही. १९४४च्या लष्करी चाचण्यांत हीच तक्रार नोंदलेली आहे: स्टॉल अचानक येतो आणि सावरेपर्यंत फार उंची जाते. दोष काढून टाकला तर उरतं ते असेंडरचं चित्र, असेंडर नव्हे. त्याऐवजी आम्ही पॅकेजमध्ये कर्टिसने बांधलेल्या तिघांतलं तिसरं विमानही घातलं. त्याच्या पंखांची टोकं वाढवलेली होती आणि नाकावरचा एलिव्हेटर जास्त वळायचा. स्टॉल सुधारला, पण टेकऑफला एलिव्हेटर फार ओढून धरला तर विमान जमीनच सोडत नाही. यावरही मेल येतात.

कॉकपिटमधला एक लिव्हर मात्र सगळ्यांचा लाडका. वैमानिकाने उडी मारली तर मागच्या प्रोपेलरमध्ये सापडेल, म्हणून आधी प्रोपेलरच सोडून देण्याची सोय कर्टिसने केली होती. आम्ही ती चालू ठेवली. गिऱ्हाइकं रनवेवर उभ्या उभ्या लिव्हर ओढतात आणि घरंगळणाऱ्या प्रोपेलरचे व्हिडिओ पाठवतात. जाहिरातीवर आम्ही एक पैसा खर्च केलेला नाही, तो खर्च या लिव्हरने वाचवला.

तिसरं विमान २७ मे १९४५ला डेटनच्या राइट फील्डवरच्या प्रदर्शनात कोसळलं. वैमानिक आणि रस्त्यावरचे काही नागरिक त्यात गेले. तो प्रसंग 'मिशन' म्हणून द्या, अशी मागणी झाली होती. दिली नाही, देणारही नाही. दुसरं विमान आज मिशिगनमधल्या कॅलामाझूच्या एअर झू संग्रहालयात आहे. अंतिम रंगकाम आम्ही त्याच्या फोटोंवरून केलं.

बिल्डरांची कामं अजून घेतो, ऑफिसचं भाडं त्यातूनच निघतं. सध्या टेबलावर नॉर्थ्रॉपचं एक्सपी-५६ आहे: मॅग्नेशियमचा सांगाडा, मागे एकमेकांच्या विरुद्ध दिशेने फिरणारे दोन प्रोपेलर. स्टॉलचं काम पुन्हा भागीदाराकडेच दिलंय.