किमुड शोल: थ्रेशर शार्कच्या न्हाणीघरात

फिलिपाइन्समधल्या मालापास्कुआ बेटावर डायव्हर येतात ते थ्रेशर शार्कसाठी. सेबू शहरातून गाडीने माया बंदर, साधारण चार तास. तिथून होडीने अर्धा-पाऊण तास. इथली होडी म्हणजे बांका, मालवणकडच्या उलांडीच्या होडीची बहीणच, फक्त तोल सांभाळणाऱ्या बांबूच्या उलांड्या दोन्ही बाजूंना.

पूर्वी सगळे मोनाड शोलला, म्हणजे पाण्याखालच्या एका उथळ पठारावर, जायचे. आता थ्रेशर किमुड शोलवर जास्त दिसतात, आणि मोनाडवर वाढलेले टायगर शार्क हे त्याचं कारण, असं इथले डायव्हर सांगतात. आम्हीही किमुडच धरला. होडी अंधारातच सुटते. एरवी खोल पाण्यात राहणारे हे शार्क पहाटे वर येतात, म्हणून झोपेशी तडजोड करावीच लागते.

आपल्याकडे थ्रेशर म्हटलं की मळणीयंत्र आठवतं, आणि या माशाचं नावही झोडपण्यावरूनच पडलंय. तीन मीटरचा शार्क असेल तर त्यातली निम्मी लांबी शेपटीचीच. सेबूच्याच पेस्काडोर बेटाजवळ त्याच्या शिकारीचं चित्रण झालंय: सार्डिनच्या थव्यात मुसंडी मारायची, पुढचे पर खाली ओढून अंगाला झटकन ब्रेक लावायचा आणि शेपूट डोक्यावरून चाबकासारखी पुढे फेकायची. अनेक फटके वाया जातात, पण एक बसला की एकदम तीन-चार सार्डिन गार!

किमुडवर मात्र तो खायला येत नाही, साफ व्हायला येतो. शोलच्या माथ्यावर निळे क्लीनर रास राहतात, म्हणजे दुसऱ्या माशांची सफाई करणारे मासे, बोटभर लांबीचे, अंगावर काळा पट्टा. शार्क वेग कमी करतो, शेपूट खाली सोडतो आणि त्याच जागेवरून गोल फेऱ्या मारत राहतो. इतका हळू, की ते चिमुकले मासे त्याला गाठू शकतात. एक रास पोटाखालच्या परांपाशी शिरला, दोन-चार टोचे मारले, सुटला, पुन्हा चिकटला. परजीवी हेच त्याचं जेवण. शार्कचा तो मोठा काळा डोळा तेवढ्यात आमच्यावरून फिरून गेला. मला तरी यापेक्षा सुंदर दृश्य समुद्रात ठाऊक नाही.

हे सगळं बिघडवणं फार सोपं आहे. तो मोठा डोळा अंधुक उजेडासाठी बनलेला, म्हणून टॉर्च आणि फ्लॅश बंद. कॅमेऱ्याचा फोकस-लाइटसुद्धा आधीच तपासून घ्या, तो आपोआप लागतो. बुडबुड्यांचा आवाज त्याला खपत नाही. श्वास लांब आणि संथ ठेवा, पण रोखून मात्र धरू नका. फिन्स वरखाली मारल्या की गाळ उठतो, त्यापेक्षा बेडकासारखे पाय मारा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाठलाग. एक जण चार हात पुढे सरकला की शार्क फेरी मोडून निळ्यात नाहीसा होतो, रास उपाशी राहतात आणि मागचे दहा जण रिकाम्या पाण्याकडे बघत बसतात. एका जागी स्थिर राहिलात तर तोच जवळ येतो. त्याचे दात बारीक, तोंड लहान. माणसावर धावून जाणारा हा मासा नव्हे.

पाठलागात दुसराही धोका: शार्क कड्यावरून खाली जातो आणि त्याच्यामागे आपणही नकळत 30 मीटरच्या खाली. किती खोलीवर किती वेळ राहायचं हे सांगणाऱ्या डायव्हिंगच्या टेबलप्रमाणे 30 मीटरवर साध्या हवेवर 20 मिनिटं मिळतात, 32 टक्के नायट्रॉक्सवर, म्हणजे 32 टक्के ऑक्सिजन असलेल्या हवेवर, 30. म्हणून इथे नायट्रॉक्स घ्याच, पण त्यावर 33 मीटरच्या खाली जाऊ नका. तिथून पुढे जास्तीच्या ऑक्सिजनचाच त्रास. टाकीतल्या हवेचा दाब 70 बारवर आला की समोर शार्क असला तरी वर निघायचं. मग 5 मीटरवर सुरक्षेसाठी 3 मिनिटांचा थांबा. त्या तीन मिनिटांतही नजर खालीच ठेवा. पाणी स्वच्छ असेल तर त्याची फेरी वरूनही दिसते.