परांचीची भोकं

टूर मॅनेजरचं एक होतं, जागा पाठ होते आणि मग दिसेनाशी होते. जॉर्डनमधल्या पेट्राला ग्रुप घेऊन जायची माझी ती नववी खेप. सिकच्या घळीत शिरलं की तोंड आपोआप सुरू व्हायचं: नबाती म्हणजे मूळचे भटके अरब. येमेनकडून धूप आणि हिराबोळ हा सुगंधी डिंक घेऊन गाझाकडे निघालेल्या उंटांच्या तांड्यांना त्यांनी वाट दिली, पाणी दिलं, वसुली केली आणि गबर झाले. ही त्यांची राजधानी. इसवी सन १०६ मध्ये रोमन सम्राट ट्राजननं राज्य खालसा केलं. १८१२ साली बुर्कहार्ट नावाचा स्विस माणूस अरबी वेशात, ‘हारून पैगंबराच्या कबरीवर बोकडाचा नवस फेडायचाय’ अशी थाप मारून आत शिरला. इथे लोक हमखास हसतात. नवस आपल्याला लगेच कळतो.

या वेळी आप्पा हसले नाहीत. त्यांचं लक्षच नव्हतं. वाईकडचे, वय चौऱ्याहत्तर, जन्मभर जाती-पाटे आणि पुढे देवळांचे खांब घडवलेले. मुलानं हट्टानं आणलं होतं. घळीच्या भिंतीत पाण्याचा पाट कोरलाय, त्यात हात घालून ते चालले होते. “मॅडम, उतार बघा किती बेतानं धरलाय. जास्त दिला तर पाणी उसळतंय, कमी दिला तर गाळ बसतोय.” मी ‘हो आप्पा’ म्हणून पुढे झाले. सव्वा किलोमीटरची घळ, सत्तावीस माणसं आणि त्यातल्या चौघींना आत्ताच टॉयलेट हवं होतं.

घळ संपते तिथे समोर खजिना उभा राहतो. चाळीसेक मीटर उंच, अख्खा डोंगरात कोरलेला. खजिना नावालाच, ती बहुधा राजाची कबर. वरच्या दगडी कलशात सोनं आहे म्हणून बदूंनी, म्हणजे तिथल्या भटक्या अरबांनी, गोळ्या झाडल्या, त्याच्या खुणा मी दाखवल्या. सगळ्यांचे मोबाइल वर. आप्पांनी मात्र कडेला बोट केलं. “ती भोकं कसली?”

दोन्ही अंगांना, खालून वरपर्यंत, खाचांची सरळ ओळ. आठ वेळा इथे उभी राहिले होते, एकदाही बघितली नव्हती. स्थानिक गाईड म्हणाला, कारागिरांना वर चढायला किंवा लाकडं अडकवायला असावीत. मी मराठीत सांगितलं. “परांचीच म्हणा की,” आप्पा म्हणाले आणि समाधानानं मान हलवली.

दुपारी कस्र अल-बिंत या देवळापाशी मोजणी केली तर सव्वीस. आप्पा गायब. मुलाचा चेहरा पांढरा पडला. उन्हात चाळीस मिनिटं शोधलं. ऑफिसला काय कळवायचं याची वाक्यंसुद्धा मी मनात जुळवली होती. सापडले ते अल-हबीस टेकडीच्या बाजूला, अर्धवट सोडलेल्या एका कबरीसमोर, एका बदू पोराबरोबर चहा पीत. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता.

मी तडकणार, तेवढ्यात ते म्हणाले, “बसा. ह्ये बघा.” वर खांबांची डोकी घडलेली, खाली निव्वळ कातळ. “वरनं खाली उतरत आल्यात. खालनं सुरू केलं तर वरचा मलबा घडवलेल्या कामावर पडतोय. वेरूळचं कैलासही असंच.” मग मला शेजारच्या दालनाच्या भिंतीशी नेलं. सगळ्या दगडावर तिरक्या रेघा, शेतात पाऊस उतरावा तशा. मला ती इतकी वर्षं नक्षीच वाटायची. आप्पांनी डावा हात टाकी धरल्यासारखा तिरका केला, उजवा हवेत हाणला. एका जागी रेघांचा कल उलटा झाला होता. तिथे त्यांनी अंगठा टेकवला. “हितं गडी बदलला. नाहीतर ह्योच दमून दुसऱ्या अंगाला बसला.”

परतताना घळीतल्या एका कोनाड्यात चौकोनी उभा दगड दिसला. नबाती दुशरा या त्यांच्या मुख्य देवाला बहुतेकदा नाक-डोळे कोरत नसत, नुसता दगड उभा करत, हे मी सांगितलं. “तांदळा,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी टोपी काढली. ग्रुपमधल्या एक बाई शेंदूर नाही म्हणून हळहळल्या. चाळीस मीटरची कबर कोरणाऱ्यांच्या हाताला देवाचं तोंड जड नव्हतं, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं.

उशिरापायी आमचं रात्रीचं जेवण गार झालं आणि फीडबॅक फॉर्मवर मला त्याबद्दल दोन शेरे मिळाले. रास्तच होते.

पुढच्या खेपेला मी ग्रुपला आधी भोकं दाखवली. एका मुलीनं विचारलं, हे सगळं करायला किती दिवस लागले असतील? मला येईना. रात्री हॉटेलवरून आप्पांना फोन लावला. ते जरा वेळ गप्प राहिले.

“गडी किती होते ते सांगा आधी,” ते म्हणाले. “आन् टाक्यांना धार लावणारा जागेवर होता का?”