दिसत नसलेली सुई

त्रिपुरारी पौर्णिमा होऊन आठवडा झाला असेल. एक कॉलेजचा मुलगा दुकानात आला आणि त्यानं काउंटरवर पेंटॅक्स के-1000 हा फिल्मचा कॅमेरा ठेवला. "काका, मीटर गेलंय. दिवसा बरोबर, रात्री खोटं बोलतं."

हा कॅमेरा 1976 ते 1997 अशी एकवीस वर्षं बनत होता आणि माझ्या हाताखालून पुष्कळ गेलेत. माझी 50 एमएम, एफ 1.4 लेन्स (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त आत येतो) लावून तपासला. उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई चोख. "काही बिघडलेलं नाही," म्हणालो आणि परत दिला. मुलगा हलेना. त्यानं खिशातून निगेटिव्ह काढली. पंचगंगा घाटावरची पहाट, 400 एएसएचा, म्हणजे बऱ्यापैकी वेगवान फिल्मचा रोल. पणत्यांचे काळे ठिपके ठसठशीत, बाकी सगळं काचेसारखं पारदर्शक. माणसं जवळपास नाहीतच.

मग मी दुकानाचं शटर ओढून घेतलं, दिवे घालवले, काउंटरवर चार पणत्या लावल्या आणि म्हणालो, "घाटावर काढलास तसाच माझा फोटो काढ."

त्यानं स्वतःचा झूम लावला, एफ 3.5 वाला. कॅमेरा माझ्या तोंडाकडे धरला, मग हळूच पणत्यांकडे वळवला, रिंग फिरवली आणि परत माझ्याकडे आणून बटण दाबलं.

"तिकडे का वळवलास?"

"अंधारात सुई दिसत नाही ना काका. दिव्यावर धरली की दिसते."

कपाळावर हात मारायचा तेवढा राहिला. त्याचा हिशोब फिल्मवर 1/60 सेकंद उजेड पाडायचा. माझ्या हातातल्या मीटरनं चेहऱ्याजवळ मोजलं तर एफ 3.5 ला 1/4. चार स्टॉपचा फरक, म्हणजे उजेड चारदा निम्मा केल्यासारखा! वर याच्यातला सेल कॅडमियम सल्फाइडचा, उजेड बघितला की थोडा वेळ त्याच तंद्रीत राहतो आणि अंधारात सावकाश सावरतो. शिवाय हे मीटर ईव्ही 3 पर्यंत (ईव्ही म्हणजे उजेडाची पातळी, आकडा लहान तितका अंधार) चालतं असं म्हणतात ते 1.4 च्या लेन्सवर. मीटर लेन्समधूनच बघतं, 3.5 वर त्याच्यापर्यंत उजेडच पावणेतीन स्टॉप कमी पोचतो, म्हणजे ईव्ही 6 च्या खाली भरवसा संपला. पणतीच्या उजेडातला चेहरा ईव्ही 4 च्या आसपास. मी तपासताना माझी लेन्स लावली होती, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

त्याचा झूम काढून माझी 1.4 चढवली. तळहात पणतीजवळ धरायला लावला, अर्धा मिनिट थांबायला लावलं, तळहातावर सुई जुळवून एक स्टॉप उघडायला सांगितलं, कारण मीटर समोरचं सगळं करडं धरून चालतं आणि कातडी त्याहून उजळ असते. 1/30 आलं. हातात धरूनही निघण्यासारखं.

मजुरी घेतली नाही, कशाची घेणार? लेन्स मात्र "पुढच्या रोलापुरती" म्हणून घेऊन गेला. अजून त्याच्याकडेच आहे.