तुम्ही विचारलंत म्हणून: पिशव्या कोण धरणार?

मी फ्लोरिडात टॅम्पाला राहते. येथून डिस्ने वर्ल्ड आणि इतर थीम पार्कांचे ऑर्लँडो गाडीने सव्वा-दीड तासावर आहे आणि एवढ्या एका कारणावरून साताऱ्यापासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेल्या आमच्या गोतावळ्यात थीम पार्कांची जाणकार म्हणून माझे नाव झाले आहे. मार्च उजाडला की फोन सुरू होतात. प्रश्न बहुधा एकच असतो: "आमच्या ऑफिसातले एक जण म्हणतात, डिस्ने वर्ल्ड म्हणजे स्वर्ग, मुलांना आयुष्यात एकदा तरी न्यायलाच हवं. आणि माझी नणंद म्हणते, पैसे पाण्यात गेले, पाय मोडून घेतले, पुन्हा नाव काढू नका. दोघं एकाच ठिकाणी जाऊन आले ना? मग खरं कोणाचं मानायचं?" फोनवर मी आजवर याचे तुकड्यातुकड्याने उत्तर देत आले आहे. आज सविस्तर लिहिते.

माझे उत्तर असे की दोघेही खरेच बोलत असतात, कारण ठिकाण एक असले तरी दोघांच्या वाट्याला आलेला दिवस एक नसतो. पार्कात कुटुंब एकत्र जाते, फाटकापाशी सगळ्यांचा मिळून फोटोही निघतो. पण आत शिरल्यावर अर्ध्या तासात कामांची वाटणी होते आणि ती कोणी ठरवून केलेली नसते. कोणी पाळण्यात बसते, कोणी लहान मुलाला सांभाळते, कोणी फोनमध्ये डोके घालून पुढची रांग शोधते आणि कोणी तरी पिशव्या धरते. संध्याकाळी प्रत्येक जण आपापल्या वाट्याचा दिवस घेऊन परततो आणि पुढे वर्षानुवर्षे तोच पार्कचा म्हणून लोकांना सांगतो.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात माझा भाऊ सहकुटुंब आला होता. दादा, वहिनी, बारा वर्षांचा भाचा, पाच वर्षांची भाची आणि आई. ऑर्लँडोतल्या एका पार्कात आम्ही गेलो. कोणत्या, ते सांगत नाही, कारण शेजारच्या पार्कात गेलो असतो तरी हेच घडले असते. पहिल्याच मोठ्या राइडच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी घेऊन एक तरुण उभा होता. वहिनीने भाचीला मुद्दाम जाड तळव्यांचे बूट घातले होते. पोरगी पट्टीखाली उभी राहिली आणि हळूच चवड्यांवर उंच झाली. त्या तरुणाने हसत तिच्या खांद्यावर बोट टेकवून तिला खाली आणले, तेव्हा दोन बोटे कमी भरली. ती रडली नाही. आपल्या नव्या बुटांकडे पाहत राहिली, आणि ते पाहणे रडण्यापेक्षा अवघड होते.

तिथून आमची पांगापांग झाली. दादा आणि भाचा ऐंशी मिनिटांच्या रांगेत गेले. वहिनी भाचीला घेऊन घोड्यांच्या पाळण्याकडे, तिथून पाणी प्यायला, मग स्वच्छतागृहात, मग आइस्क्रीमला आणि आइस्क्रीम सांडल्यामुळे पुन्हा स्वच्छतागृहात. आई एका झाडाखालच्या बाकावर बसली. तिच्याभोवती दोन पाठपिशव्या, चार बाटल्या, रेनकोटांचे गाठोडे आणि दशम्या-चटणीचा डबा. मी फोनवर कुठली रांग किती मिनिटांची ते पाहत, या तिन्ही ठाण्यांच्या मधे येरझाऱ्या घालत होते. दुपारी तीनच्या सुमारास फ्लोरिडाच्या उन्हाळ्यातला तो नेहमीचा गडगडाट झाला, विजांमुळे उघड्यावरच्या सगळ्या राइड थांबल्या आणि दादा दुसऱ्या एका रांगेत पुढे दहाच माणसे उरलेली असताना बाहेर आला.

रात्री हॉटेलवर भाचा बोटे मोजून सात राइडची नावे घेत होता आणि दादा म्हणाला, "पैसे वसूल." वहिनी न्हाणीघरात टबाच्या कडेवर बसून कोमट पाण्यात पाय सोडून होती. मी विचारले तेव्हा तिने शांतपणे सांगितले, "मी आज नेमकं काय पाहिलं म्हणशील तर चार स्वच्छतागृहं आणि एक घोड्यांचा पाळणा." येथे एक कबुली द्यायला हवी. इथल्या बहुतेक मोठ्या पार्कांमध्ये अदलाबदलीची सोय असते: लहान मुलाजवळ एक मोठे माणूस थांबते, दुसरे राइड करून येते आणि मग थांबलेल्याला रांग न लावता आत सोडतात. डिस्नेत तिला रायडर स्विच म्हणतात. ही सोय मला पाठ होती, आणि त्या गडबडीत सांगायची राहून गेली. वहिनीने ते अजून मला ऐकवलेले नाही, हे तिचे मोठेपण.

गंमत अशी की या पार्कांचा उगमच एका बाकावर झाला आहे. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात घोड्यांच्या पाळण्यावर बसवायचा आणि स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसायचा. आईबाप आणि मुले यांना एकत्र मजा करता येईल अशी काही जागा का असू नये, हा विचार तिथे मनात आला, असे त्याने स्वतःच पुढे सांगितले. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले. तो स्वतः १९६६ मध्ये वारला आणि फ्लोरिडातले डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. बाकावर कंटाळलेल्या एका बापाला उठवण्यासाठी एवढा सगळा खटाटोप झाला, आणि आज त्यातल्या कोणत्याही पार्कात जा, बाकावर कोणाची तरी आई पिशव्या घेऊन बसलेली असतेच.

सगळी पार्के या बाबतीत सारखी नसतात, हेही सांगितले पाहिजे. डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या पार्कात जुन्या धाटणीच्या बऱ्याच राइडना उंचीची अट नाही. आजी, नातू आणि मधली पिढी एकाच होडीत बसू शकतात. त्याच पार्कातल्या स्पेस माउंटनला मात्र ४४ इंच उंची लागते, आणि पाच वर्षांचे मूल सहसा त्याच्या आतच असते. ऑर्लँडोतल्याच युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या पार्कातल्या वेलोसीकोस्टर या राइडला तर ५१ इंच लागतात. तेव्हा घरात कॉलेजात जाणारी मुले असतील तर युनिव्हर्सलमध्ये सगळे खूश असतात, आणि घरात पाच, बारा आणि सत्तर अशी वये असतील तर त्याच फाटकातून आत गेलेल्या कुटुंबाची तीन कुटुंबे होतात.

यापेक्षा खोल दुखणे पैशाचे आहे; महागाईचे नव्हे, पैसे घेण्याच्या पद्धतीचे. मुंबईच्या मुलांना १९८९ पासून गोराईचे एस्सेलवर्ल्ड माहीत होते. आम्हा सातारकडच्या मुलांचे थीम पार्क म्हणजे पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा. तिथे आत शिरायला तिकीट नव्हते. आकाशपाळण्याचे पैसे वेगळे, मौत का कुआँचे वेगळे. वडील आम्हा भावंडांना मोजून दोन पाळणे द्यायचे; कोणत्या पाळण्यात बसायचे यावर आम्ही तासभर खल करायचो, आणि तो तासही यात्रेतच धरला जायचा. आजी गोडीशेव घेऊन एका कडेला ओळखीच्या बायकांत बसायची. तिने कशातच भाग घेतला नाही म्हणून कोणाचे काही वाया जात नव्हते.

डिस्नेलँडही सुरुवातीला थोडेफार असेच होते. १९५५ मध्ये मोठ्यांना आत जायला एक डॉलर पडे आणि खेळांचे पैसे निराळे द्यावे लागत. मग काही महिन्यांतच तिकिटांच्या पुस्तिका आल्या. 'ए' म्हणजे साधा खेळ, आणि १९५९ मध्ये आलेले 'ई' म्हणजे सर्वांत भारी. ही पद्धत १९८२ मध्ये बंद झाली आणि एकदाच पैसे भरा, मग हवे तितके खेळा, असा व्यवहार सुरू झाला. ऐकायला हे उदार वाटते. प्रत्यक्षात त्या दिवसापासून बाकावर बसलेल्या आजीची किंमत वाढली. आज डिस्ने वर्ल्डमध्ये दहा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मोठ्यांचे तिकीट लागते आणि ऐन नाताळच्या गर्दीत मॅजिक किंगडमचे एका दिवसाचे तिकीट २०० डॉलरच्या घरात जाते. म्हणजे सात राइड करणारा भाचा आणि बाकावर दशम्या सांभाळणारी आई यांना जवळजवळ सारखाच आकार पडतो. भारतातून आलेला माणूस वर त्या आकड्याला रुपयांनी गुणतो, आणि एकदा गुणाकार झाला की सुट्टी संपते आणि वसुली सुरू होते. दमलेल्या मुलाला बाप म्हणतो, "अजून दोन तास आहेत, झोपतोस काय?" हे वाक्य मी ऑर्लँडोत मराठीत, गुजरातीत, तेलुगूत आणि इंग्रजीत ऐकले आहे, तेलुगू मला येत नाही, पण सूर ओळखू आला.

एका दिवसाच्या सहलीवरून कोणाचे मतभेद होत नाहीत, ते याचमुळे. पुण्याहून खोपोलीच्या इमॅजिकाला गेलेल्या कुटुंबाचा दिवस फसला तर एक रविवार जातो. इथे मात्र वर्षाची रजा, विमानाची तिकिटे आणि नातेवाइकांपुढे केलेली वाच्यता, हे सगळे चार दिवसांवर लावलेले असते. एवढे लावल्यावर "ठीकठाक होते" असे कोणी म्हणत नाही. एक तर स्वर्ग म्हणतात, नाही तर फसवणूक.

त्यात आता रांगेचीही किंमत झाली आहे. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता. वेळेची चिठ्ठी घ्यायची आणि त्या वेळेला यायचे. २०२१ पासून त्याच्या जागी पैसे भरून घ्यायची सोय आली, तिला लाइटनिंग लेन म्हणतात. डिस्नेच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना ती सात दिवस आधी राखून ठेवता येते, बाकीच्यांना तीन दिवस. म्हणजे घरातल्या एकाला सुट्टीच्या आधीपासूनच फोन घेऊन बसावे लागते, आणि ते काम ज्याच्या गळ्यात पडते त्याचे पार्काबद्दलचे मत तिथेच निम्मे ठरून जाते. शेजारून सरसर पुढे जाणारी रांग पाहून एखादे मूल "ते लोक आपल्या आधी का?" असे विचारते, तेव्हा आईबाप इकडे तिकडे बघतात. माझ्या मते उन्हाने आणि पायपिटीने बिघडवली नसतील इतकी माणसे या दुसऱ्या रांगेने बिघडवली आहेत.

आता मुले नसताना जाणाऱ्या मोठ्यांबद्दल. इथे त्यांना थट्टेने 'डिस्ने अ‍ॅडल्ट' म्हणतात आणि मीही अनेक वर्षे हसत होते. आमच्या शेजारी एक निवृत्त जोडपे आहे. त्यांच्याकडे वार्षिक पास आहे. वसंतात एप्‌कॉट या डिस्ने वर्ल्डमधल्याच दुसऱ्या पार्कात फुलांचा महोत्सव असतो, तेव्हा ते एखाद्या मंगळवारी सकाळी जातात, तळ्याकाठच्या अकरा देशांच्या मंडपांना एक चक्कर मारतात, कॉफी घेतात आणि ऊन चढायच्या आत घरी येतात. एकाही राइडमध्ये बसत नाहीत. दर वर्षी महाबळेश्वरला जाऊन त्याच पॉइंटवर त्याच वेळी उभे राहणाऱ्या माणसाला आपण हसत नाही, मग यांनाच का हसायचे, असे मला अलीकडे वाटते. त्यांच्या आनंदाचे गुपित साधे आहे: पासाचे पैसे केव्हाच भरून झालेले असल्यामुळे त्यांच्या डोक्यात तासाचा हिशेब नसतो, आणि दोघेच असल्यामुळे पिशवीही एकच असते. कर्ज काढून, इतका लांबचा प्रवास करून आलेल्या कुटुंबाने त्यांच्यासारखे रमावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

"सगळं खोटं तर आहे" हा आक्षेपही मोठी माणसेच घेतात. तो खरा आहे. मॅजिक किंगडममधला सिंड्रेलाचा महाल १८९ फूट उंच आहे. २०० फुटांवर गेला असता तर विमानांसाठी माथ्यावर लाल दिवा लावावा लागला असता. वरचे मजले मुद्दाम लहान बांधलेले आहेत, म्हणजे तो आहे त्याहून उंच भासतो. माझ्या काकांना हे सांगितल्यावर त्यांचे मन उतरले. माझ्या नवऱ्याला हेच ऐकून तो महाल पहिल्यांदा बघावासा वाटला. तमाशातल्या मावशीने पदर घेतला की कोणी मिशा शोधत बसतो आणि कोणी हसू लागतो. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

तर आता फोन आला की मी तिकिटांचे दर सांगण्याआधी विचारते, "पिशव्या कोण धरणार?" पलीकडे थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग "अगं, आई आहेत ना बरोबर" असे उत्तर येते, आणि मी आईंना फोन द्यायला सांगते.

माझ्या आईला मी त्या रात्री सर्वांत शेवटी विचारले होते. दिवसभर बाकावर बसलेली ती बाई काय बोलेल या धास्तीने मी टाळत होते. ती म्हणाली, पार्किंगपासून फाटकापर्यंत नेणारी ती उघडी गाडी फार छान होती. बसायला जागा, अंगावर वारा, आणि कोणी तिकीट मागितले नाही. येताना आणखी एक फेरी मारायचे तिच्या मनात होते, पण आम्ही सगळे दमलो होतो म्हणून ती बोलली नाही. पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा येणार आहे. परवा फोनवर तिने विचारले, "ती गाडी अजून आहे ना गं?"