तुम्ही विचारलंत म्हणून: सतराव्या वर्षी पोरगं खेळासाठी बाहेर पाठवावं का?

लातूरला स्केटिंगचा क्लास घेतो म्हटल्यावर पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, पोरगं लै मन लावून करायलंय, पण ह्याचं पुढं काय? उद्या कुणी बाहेर खेळायला बोलावलं तर पाठवायचं का?" मी दर वेळी आन्झे कोपितारचं नाव घेतो, मग दुसरा प्रश्न येतो, हा कोण आणि ह्याचंच उदाहरण कामून? दोन्हीचं उत्तर एकदाच लिहून टाकतो.

कोपितार आइस हॉकीचा फॉरवर्ड, देश स्लोव्हेनिया. अख्ख्या देशाची लोकसंख्या २१ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या लातूर जिल्ह्यापेक्षा कमी. जन्म १९८७ चा, ह्रुशित्सा नावाच्या छोट्या गावचा. वडील मत्याझ स्वतः खेळाडू, नंतर कोच झाले. शेजारी येसेनित्से म्हणून पोलाद कारखान्याचं शहर आहे, तिथं ह्या खेळाचं वेड जुनंच. म्हणजे घरात खेळ होता, गावात खेळ होता, पण ज्याच्याशी खेळून अजून चांगलं होता येईल असे खेळाडू तिथं मोजकेच, म्हणून २००४ मध्ये, सतरावं वर्ष लागता लागता, तो स्वीडनला सोदरतेल्ये क्लबच्या ज्युनियर टीममध्ये गेला. २००५ च्या ड्राफ्टमध्ये लॉस एंजेलिस किंग्जनं त्याला ११ व्या नंबरवर घेतलं. ड्राफ्ट म्हणजे एनएचएल ह्या अमेरिका-कॅनडातल्या लीगचे क्लब पाळीपाळीनं तरुण खेळाडू निवडतात आणि त्या पोरावर हक्क त्या क्लबचा. पण निवडलं म्हणून लगेच उचलून नेलं नाही, अजून एक सीझन तो स्वीडनमध्येच खेळला, तिथल्या मोठ्यांच्या लीगमध्ये. मग ऑक्टोबर २००६ मध्ये अ‍ॅनाहाइमविरुद्ध पहिली मॅच, त्यात दोन गोल. एनएचएलमध्ये खेळलेला तो पहिला स्लोव्हेनियन.

हे सांगितलं की पालकांचे डोळे चमकतात, दोन गोल ऐकून. मला मात्र त्याच्या पुढच्या वर्षांबद्दल जास्त बोलायचं असतं.

बर्फावर एका टीमचे गोलकीपर सोडून पाचच जण असतात, त्यात तीन फॉरवर्ड, मधला सेंटर आणि दोन बाजूंना दोन विंगर. एका वेळी पाऊण मिनिट, फार तर मिनिटभर जीव तोडून खेळायचं आणि बेंचवर परत यायचं, तोवर दुसरी लाइन, म्हणजे दुसरे तीन फॉरवर्ड, आत गेलेली असते, खेळ चालूच असतो. लोकांना वाटतं फॉरवर्ड म्हणजे गोल मारणारा. कोपितार सेंटर आहे, आणि सेंटरचं निम्मं काम पाठीमागं असतं. पक, म्हणजे ह्या खेळातली चपटी रबरी चकती, हातचा गेला की आपल्या गोलकडं पहिल्यांदा परत कोण वळतं, समोरच्या टीमच्या सगळ्यात भारी लाइनसमोर कोचनं कुणाला सोडलंय, आपल्या गोलजवळ फेसऑफ पडला, म्हणजे दोघांच्या मधोमध पक टाकून खेळ सुरू करायची वेळ आली तर स्टिक घेऊन कोण उभं राहतं, ह्या सगळ्याला उत्तर वर्षानुवर्षं हा एकच माणूस होता. बचावात सगळ्यात उत्तम फॉरवर्डला सेल्की ट्रॉफी देतात, ती त्याला २०१६ आणि २०१८ अशी दोनदा मिळाली. २०१८ ची तर बघाच, त्याच सीझनला त्यानं ३५ गोल आणि एकूण ९२ पॉइंट केले (पॉइंट म्हणजे स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास मिळून), करिअरमधले सगळ्यात जास्त. म्हणजे मागं पळणारा पुढं कमी पडतो हा समज त्यानं खोटा ठरवला.

किंग्जनी त्यांच्या इतिहासातला पहिला स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, २०१२ ला जिंकला, तेव्हा फायनलची पहिली मॅच ओव्हरटाइममध्ये कोपितारच्याच गोलनं संपली होती. पण २०१४ चा दुसरा कप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या प्लेऑफमध्ये, म्हणजे कपसाठीच्या बाद फेऱ्यांत, लीगमधले सर्वाधिक पॉइंट त्याचे, २६, आणि त्यातले गोल फक्त ५. बाकीचे २१ असिस्ट, म्हणजे गोल दुसऱ्यानं मारला, वाट ह्यानं करून दिली. माझ्या क्लासात रोलर हॉकीची मॅच लावली की बाहेर उभे असलेले आईबाप "गोल मार, गोल मार" म्हणून ओरडत असतात, त्यांना हा आकडा मी मुद्दाम सांगतो. परदेशी क्लबला गोल मारणारी पोरं त्यांच्या गावात मिळतातच हो, लांबून आणलेल्या खेळाडूला ते इतकी वर्षं कॅप्टन म्हणून ठेवतात ते तो रोज भरवशाचा असतो म्हणून. २०१६ पासून तो कॅप्टन, २०२५-२६ हा शेवटचा सीझन असं त्यानं सीझनआधीच जाहीर केलं, आणि हे सगळं एकाच क्लबकडून.

आता घर सोडण्याचं. लातूरच्या पालकांना हे मी वेगळं काय सांगू? औसा, उदगीर, अहमदपूर, पार नांदेड-परभणीवरून पोरं दहावी झाली की नीटच्या क्लाससाठी इथं येऊन राहतात, सोळाव्या वर्षी, खोलीत तिघं-चौघं, मेसचा डबा, दर रविवारी टेस्ट. ते आपण चालवून घेतोच की. माझं म्हणणं एवढंच की ज्या गोष्टी तिथं तपासता त्याच इथंही तपासा. शिकवणारा कोण, राहायचं कुठं, आजारी पडलं तर बघणार कोण, आणि नाही जमलं तर परतीची वाट काय. कोपितारच्या बाबतीत वडिलांना खेळ आतून माहीत होता हा फार मोठा आधार, हे विसरून चालणार नाही. पुढं हेच वडील राष्ट्रीय टीमचे कोच झाले आणि स्लोव्हेनिया पहिल्यांदाच ऑलिंपिकच्या आइस हॉकीत उतरली, २०१४ ला सोचीत, बाप बेंचवर आणि पोरगा बर्फावर. स्लोव्हाकियाला हरवलं, ऑस्ट्रियाला हरवलं, क्वार्टर फायनलला स्वीडनसमोर हरले. एवढा छोटा देश आणि शेवटच्या आठात! मला ते कितीही वेळा सांगायला आवडतं.

बर्फाचं म्हणाल तर आपल्याकडं मे महिन्यात सकाळी आठनंतर सिमेंटच्या मैदानावर उभं राहवत नाही हे खरं. पण देशात काहीच नाही असं समजू नका. लडाखमध्ये हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर पिढ्या खेळत आल्यात, २०२५ ला भारताच्या महिला टीमनं आइस हॉकीच्या आशिया कपमध्ये ब्राँझ मिळवलं, आणि त्या टीमचा कणा लडाखच्या मुलीच आहेत. देहरादूनची बरीच वर्षं बंद पडलेली रिंकही त्याच वर्षी परत सुरू झाली. चाकांवर तोल आणि वळण पक्कं झालेल्या पोराला बर्फावर अगदी शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही, थांबायची पद्धत तेवढी नव्यानं शिकावी लागते. माझ्या मोठ्या बॅचला एकदा देहरादूनला न्यायचं मनात आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत, नीटवाल्या पोरांच्या टेस्ट सांभाळून. ज्यांना पोरगं पाठवायचंय त्यांनी आधीच सांगा, म्हणजे रेल्वेचं रिझर्व्हेशन वेळेत करता येईल, आणि एखाददोन पालकही सोबत आले तर बरं.