विशारदनंतरचा वर्ग

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत देत असताना माझ्या बरोबरीचे सगळे खानापूर तालुक्यातले, माझ्यासारखेच नोकरी सांभाळून गाणारे होते आणि त्यांच्यात माझे बरे चालले होते. विशारदच्या पुढच्या अलंकार परीक्षेच्या तयारीसाठी बेळगावच्या वर्गाला जाऊ लागले, तेव्हा शेजारी बसणाऱ्यांत एक जण आकाशवाणीचा बी-हाय श्रेणीचा (बीच्या वरची, एच्या खालची) कलाकार निघाला, तर धारवाडकडच्या एका मुलीच्या घरी आजीपासून रियाज चालत आलेला. मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका. दिवसभर मुलांकडून पाढे म्हणवून घेऊन घसा बसल्यावर संध्याकाळी तंबोरा लावणारी. आपली पाळी येऊच नये असे मला वर्गात वाटत असे, आणि विशारदचे प्रमाणपत्र आपल्याला चुकून तर मिळाले नाही ना, ही शंका परतीच्या बसमध्ये हटकून येई.

नवल याचे की, कुमार गंधर्वांची ध्वनिमुद्रणे ऐकताना असे कधी होत नसे. ते बेळगावजवळच्या सुळेभावीचे, जन्म १९२४ चा, लहान वयातच मैफली गाजवणारे. न्यूनगंड यायचाच तर त्यांच्यामुळे यायला हवा होता. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेल्या सामाजिक तुलनेच्या सिद्धान्तात याचा उलगडा मला सापडला. माणूस स्वतःला जोखतो ते आपल्या आसपासच्या कुवतीच्या माणसांशी. अंतर फार वाढले की तुलना करण्याची ओढच कमी होते. धारवाडची मुलगी मला टोचत होती, ती मी तिच्याच पंगतीला बसले होते म्हणून. हे कळून बरे वाटले, गाणे मात्र होते तिथेच राहिले.

फरक पडला तो तिच्या सबंध गाण्यावरून लक्ष काढून एकाच जागेवर ठेवल्यावर. विलंबित एकतालात, म्हणजे संथ लयीतल्या बारा मात्रांच्या तालात, दहाव्या मात्रेचा ‘तिरकिट’ हा तबल्याचा बोल कानावर पडला की माझा जीव समेकडे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे, धावे, मुखडा (बंदिशीची समेवर येणारी सुरुवातीची ओळ) आधीच उचलला जाई आणि सम येईपर्यंत अक्षरे ताणत बसावे लागे. ती अकरावी मात्रा जवळजवळ रिकामी सोडी आणि बाराव्या मात्रेच्या पोटातून मुखडा उचलून समेवर अलगद येई. एकदा न राहवून मी तिला विचारलेच. “अक्का, तुम्ही मात्रा मोजत बसताय हो, ठेका ऐका की,” ती तिच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली. ठेका म्हणजे तबल्यावर वाजणारी तालाची ठरलेली बोलरचना. त्यानंतर मोबाईलवर ठेका लावून मी बरेच दिवस शेवटच्या तीन मात्रांपलीकडे काही गायले नाही; घरच्यांना त्याचा कंटाळा आला, तो रास्तच होता.

यमनचा मुखडा आता बहुतेक वेळा जागेवर पडतो. तिच्या द्रुत (जलद) ताना ऐकताना पोटात गोळा येतो तो अजून येतोच, परंतु गुरुजींनी मंचप्रदर्शनासाठी मला तानांपेक्षा आलापीचा, म्हणजे संथ स्वरविस्ताराचा, वाटा मोठा ठेवायला सांगितले आहे आणि सध्या माझा रियाज त्याच बेताने चालू आहे.